दागत म्हणजे काय?

"दागत," लोला पुन्हा म्हणाली. सकाळपासून ती हा एकच शब्द म्हणत होती आणि तो कुणालाच कळत नव्हता.

देवगडपासून वीस मैल आत, भर समुद्रात, शेवाळाची शेती करणारं एक तरंगतं केंद्र होतं. अकरा वर्षांची चारुता आईबाबांबरोबर तिथे राहायची. लोला मारिसेल ही केंद्रावरच्या, बुड्या मारून शेवाळ काढणाऱ्या पाणबुड्यांची प्रमुख. फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरची. 'लोला' म्हणजे तिच्या भाषेत आजी. चारुताला पोहायला तिनेच शिकवलं होतं.

आठ दिवसांपूर्वी लोलाला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय गेले आणि अठरा वर्षांत शिकलेली मराठीही पुसली गेली. उरली ती फक्त लहानपणची सेबुआनो भाषा. डॉक्टर चारुताच्या आईला म्हणाले, "आता औषधाचा उपयोग नाही. तिला जिथे बरं वाटेल तिथे ठेवा."

पण तिला कुठे बरं वाटेल, हे विचारायचं कसं? सौरवादळामुळे (सूर्यातून उसळलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटामुळे) उपग्रह बंद पडले होते, आणि त्यांच्याबरोबर भाषांतरयंत्रंही. शुश्रूषा करणारी यंत्रमानव तेतेह इंडोनेशियातल्या बांडुंगला बनलेली. तिच्या स्वतःच्या स्मृतीत दोनच भाषा होत्या, मराठी आणि तिकडची सुंदानी.

सुट्टीला आलेले विश्रामआजोबा भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्या देशातल्या भाषांवर जन्मभर काम केलेलं. ते म्हणाले, "चारू, लोलाचे जेवढे शब्द तुला येतात तेवढे सांग. तेतेह, तू सुंदानी शब्द सांग."

"दुहा, तुलो, उपात, लिमा," चारुताने दोनपासून पाचपर्यंत आकडे म्हटले.

"दुआ, तिलू, ओपात, लिमा," तेतेह म्हणाली.

चारुता चकित झाली. "या तर बहिणी आहेत!"

"लांबच्या," आजोबा म्हणाले. "हजारो वर्षांपूर्वी एकच भाषा बोलणारी माणसं होड्या घेऊन बेटाबेटांवर पांगली. काही शब्द तसेच राहिले, काही बदलले. पण बदलतात तेही शिस्तीत. आपला वाघ हिंदीत बाघ होतो, वीस बीस होतात, विंचू बिच्छू होतो. व च्या जागी ब. याला ध्वनिनियम (एका भाषेतला आवाज दुसरीत ठरावीक रीतीने बदलणं) म्हणतात. दोनचार शब्द योगायोगानेही जुळतील. शिस्त मात्र योगायोगाने जुळत नाही."

चारुताला आणखी दोन शब्द आठवले. शंभराला लोला 'गातुस' म्हणायची. पाय चोळून देताना शिरांना म्हणायची 'ऊगत'.

"रातुस. ऊरत," तेतेहने सुंदानी शब्द सांगितले.

चारुता उडालीच. "ग च्या जागी र! मग दागत म्हणजे... दारत?"

"सुंदानीत दारत म्हणजे जमीन," तेतेह म्हणाली.

आजोबांनी तिची पाठ थोपटली. लोलाला जमिनीवर जायचंय! दुपारी बोट निघाली. लोलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाने रडतेय, असं सगळ्यांना वाटलं.

किनाऱ्यावरच्या रुग्णालयात तिची खोली आंब्याच्या बागेकडे तोंड करून होती. दोन दिवस लोलाने पाण्याचा थेंब घेतला नाही. "दागत," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे मान वळवायची. तिसऱ्या दिवशी तिचा पलंग तपासणीसाठी व्हरांड्यातून नेताना झाडांच्या फटीतून समुद्र दिसला. लोलाचे डोळे तिथेच खिळले. "दागत!" ती म्हणाली, आणि या वेळी हसली.

चारुताने आजोबांचा हात धरला. "आजोबा, दागत म्हणजे दर्या! ती आमच्याशी दर्याच म्हणायची, म्हणून तिचा शब्द मला कधी कळलाच नाही."

त्यांनी पलंग तिथेच ठेवला. ती दुपार लोलाने समुद्राकडे बघत काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

"माझ्यामुळे," चारुता हुंदके देत म्हणाली. "मीच तिला समुद्रापासून लांब आणलं."

"नाही गं. नियम तू बरोबर शोधलास, मी तो अर्धाच शिकवला," आजोबा म्हणाले. "शब्द एकच. मूळ अर्थ बहुधा किनाऱ्याजवळचा असावा. एका भाषेने त्याचं पाणी घेतलं, दुसरीने जमीन. आवाज शिस्तीत बदलतो, अर्थ मात्र भटकतो. म्हणून अर्थ माणसालाच विचारायचा असतो. खिडकीतून समुद्र दाखवून 'हेच का?' म्हणायचं. तिने डोळ्यांनी सांगितलं असतं. मी एवढा अभ्यासक, आणि विचारलं नाही."

आठवड्याने उपग्रह सुरू झाले. बोहोलहून लोलाची मुलगी रोसालिंदा पडद्यावर आली. भाषांतरयंत्र आता मराठीत बोलत होतं. चारुताने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

रोसालिंदाने विचारलं, "शेवटी आईला समुद्र दिसला?"

"हो. एक दुपार."

रोसालिंदाने डोळे पुसले.

"मावशी," चारुता चाचरत म्हणाली, "मला रोज एक शब्द शिकवाल? यंत्राकडून नको. तुमच्याकडून."

"आजपासून शिकवते. आजचा शब्द मिंगाव."

चारुताने तेतेहकडे पाहिलं. "सुंदानीत जुळणारं काही सापडत नाही," तेतेह म्हणाली. "अंदाज करणार नाही. त्यांनाच विचार."

"माणूस गेल्यावर घर ओकंओकं होतं ना? ते घर मिंगाव," रोसालिंदा म्हणाली. "आणि आपणही."

चारुताने पेन उचललं, पण लिहिलं नाही. आधी विचारलं, "म्हणजे आमची पाणबुड्यांची खोली आता आहे, तसं?"

"हो, बाळा. अगदी तसंच."

मग चारुताने वहीत तो शब्द लिहिला.