टाळ्यांच्या आधीची शिट्टी

वायरी गुंडाळून झाल्या असतील तर बसा आता. तांदळाची दारू, माकगली, उरलीय थोडी. आणि हारिम, मघाशी तो पोरगा मध्येच उठून गेला तेव्हा तू त्याला डोळ्यांनीच भाजलंस, ते पाहिलं मी. बरोबर आहे म्हणा. आपल्या या गोंगाटाच्या संगीतात वाजवणं चालू असताना कुणी उठत नाही, दुसऱ्याच्या यंत्राला कुणी हात लावत नाही. वाजवणारा किंचाळला, लोळला, तरी बसून ऐकायचं. काय सांगावं, तेच त्याचं संगीत असेल.

"काका, भुताची गोष्ट येणार वाटतं," हारिम म्हणाली. "मागच्या वेळचं भूत ट्रम्पेट वाजवत होतं."

वाजवत नव्हतं गं. नुसतं धरून बसलं होतं, तुझ्यासारखं.

पण ही गोष्ट तशी नाही. ही तेक्सूच्या बाबतीत घडलेली, आणि तेक्सूला मी वीस वर्षं ओळखतो. इथेच आपल्या मुल्ले वस्तीत, दोन गल्ल्या पलीकडे, खाली लोखंडाचा कारखाना आणि वर त्यांची खोली. तो आणि गिलजून, जोडी. दिवसभर खालची लेथ ओरडायची, रात्री हे दोघे. गिलजूनचं वाद्य म्हणजे मिक्सर, आवाज कमीजास्त करायचा तो. त्याला बाहेरून काही जोडायचं नाही, माइक नाही, गिटार नाही. त्याचीच बाहेर जाणारी वायर फिरवून त्याच्याच तोंडात घालायची. मग ते यंत्र आपलं आपल्याशी कण्हायला लागतं. त्या कण्हण्यावरून गिलजूनला लोक डोळे मिटून ओळखायचे.

त्याच खोलीतल्या एका कार्यक्रमात गिलजूनने वाजवता वाजवता डोकं मिक्सरवर टेकवलं. मागे एक बारीक शिट्टी उरली. चढेना, उतरेना. शेजारी बसलेल्या तेक्सूला वाटलं, काय हिंमत आहे याची, एकच सूर धरून बसलाय. त्याने मानाने आपला आवाज काढून घेतला. लोक डोळे मिटून ऐकत राहिले. खूप वेळ. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

गिलजून उठलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. पण नक्की कधी थांबलं, ते त्यांना सांगता येईना.

तेक्सू त्यानंतर माणसात राहिला नाही. वाजवणं सोडलं, जेवणही सोडल्यातच जमा. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात यायचा, त्या रात्रीचं रेकॉर्डिंग कानाला लावून. "दादा, तुमचा कान चांगला आहे. एवढंच सांगा, आम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा तो होता की गेला होता?" मी म्हणायचो, "बाबा, शिट्टी यंत्राची आहे. माणूस असो नसो, ती चालूच राहते." तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. आधीच गेला असेल तर कुणाच्याच हातात काही नव्हतं. पण तेव्हा जिवंत असेल तर...

गेल्या वर्षी चुसोकच्या सणाच्या आदल्या रात्री गिलजूनच्या आईचा त्याला फोन आला. सकाळी पूर्वजांचं पान मांडायचं होतं. भात, मासे, फळं, सगळं तयार होतं. "पोराचं ते यंत्र तेवढं आणून दे रे, शेजारी ठेवीन म्हणते." तेक्सू नाही कसा म्हणणार? जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि साडेअकराला मुल्लेत उतरला.

सणामुळे कारखाने बंद होते. शटरं खाली. आपल्या मुल्लेत इतकी शांतता... तुम्ही कधी ऐकलीच नसेल. वर चांदणं पिठासारखं सांडलेलं.

खोलीची वीज केव्हाच तोडलेली होती. त्याने मोबाइलचा उजेड धरला. टेबलावर मिक्सर होता. प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली.

त्याने हात पुढे केला.

आणि शिट्टी सुरू झाली.

तीच. बारीक. चढेना, उतरेना. तेक्सूने पळायला हवं होतं. पण तो काय करतो... खाली बसला. आपल्या जागेवर, तेव्हा बसला होता तिथेच. सवय! वाजवणं चालू असताना उठायचं नाही.

मोबाइल विझला.

अंधारात शिट्टी हलली. जराशी. खाली... वर... खाली. मिक्सरच्या खुंटीवर बोट थरथरावं तशी.

यंत्र एकटं असं करत नाही.

"गिल?"

...

"गिल, ऊठ. मी आलोय. ऊठ रे."

तो उठला. नियम मोडून उठला. टेबलापाशी गेला, अंधारात हात घातले. हाताला खांदे लागले.

तेक्सूने पाठ वाकवली आणि त्याला पाठुंगळीला घेतलं. आजारी माणसाला नेतात तसं. वजन होतं. गार होतं. जिना अरुंद, उभा. एक पायरी. अजून एक. शिट्टी आता कानाशी होती. यंत्रातून नव्हे. दातांमधून.

"दवाखाना उघडा आहे गिल. पोचतोच आपण. धर मला."

वजन वाढत चाललं होतं. अर्ध्या जिन्यात त्याने भिंतीला डोकं टेकवलं आणि वर्षभर सगळ्यांना विचारलं, ते अखेर ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं.

"आम्ही टाळ्या वाजवत होतो... तुला ऐकू येत होतं का रे?"

शिट्टी थांबली.

"येत असेल तर घट्ट धर."

...

...

तो खाली रस्त्यावर आला तेव्हा पाठीवर कुणी नव्हतं.

पहाटे रिकाम्या हाताने गिलजूनच्या घरी गेला. त्याला घामाने भिजलेला पाहून आई म्हणाली, "जाकीट काढ. शर्ट दे इकडे, पिळून वाळत टाकते." जाकीट स्वच्छ होतं. पांढऱ्या शर्टावर मात्र छातीशी दोन पंजे उमटलेले, लोखंड गंजावं तशा लाल रंगाचे. बोटं एकमेकांत गच्च अडकवलेली, घट्ट धरल्यासारखी.

तिने खूप चोळलं. निघेना. मग शर्ट उलटा केला, आणि तिचे हात तसेच थांबले.

पंजे आतल्या बाजूने होते.