ऑइलचा लाल दिवा

माझा मामा डोळ्यांत डोळे घालून थापा मारण्यात पटाईत. पण ही हकिकत सांगताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणून मी ती खरी मानतो. तुम्ही माना, नका मानू.

मंगळवार होता. भर दुपार, साडेबारा. मामाच्या गॅरेजमध्ये सिस्टर गाडी घेऊन आली. हॉस्पिटलात नर्स, जुनं गिऱ्हाईक, मामाला दादा म्हणायची.

"दादा, हा ऑइलचा लाल दिवा मध्येच लुकलुकतोय."

टर्बोची गाडी, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा असलेली. टर्बोचं चाक इंजिनापेक्षा कितीतरी जोरात फिरतं, आणि फिरतं ते ऑइलच्या पातळ थरावर. ऑइलचं प्रेशर पडलं की आधी गाडीची ताकद जाते, मग टर्बो जळतो, मग इंजिन जाम. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, पण टर्बो फिरतच राहतो. म्हणून लांबून आलं की गाडी दोन मिनिटं चालू ठेवायची आणि मगच बंद करायची. हे मामानेच तिला शिकवलेलं. ती घड्याळ बघून थांबायची. मामा चिडवायचा, "सिस्टर, गाडीला सलाईन लावलंय का?"

त्या दिवशी प्रेशर मोजायला हवं होतं. इंजिन खालून उघडून बघायला हवं होतं. पण मामाला भूक लागली होती. त्याने दिव्याच्या सेन्सरची वायर काढून ठेवली.

दिवा विझला.

"सेन्सरच खराब होता. जा बिनधास्त."

शुक्रवारी चढावर ओव्हरटेक करताना इंजिन जाम झालं. मागून ट्रक आला. सिस्टर जागीच गेली.

तिच्या नवऱ्याने गाडी मामाकडेच आणून टाकली. "तुम्ही बघितली होती ना?"

"हो. सगळं ठीक होतं."

"मग तिनेच घाईत बंद केली असेल. थांबली नसेल दोन मिनिटं."

मामा म्हणाला, "असेल."

एवढंच. त्या एका शब्दाने तो आतून मेल्यासारखा झाला.

पुढचा मंगळवार. साडेबारा. गॅरेजात मामा एकटाच. त्याने डबा उघडला आणि...

शिट्टी.

बारीक. टर्बो मंदावताना येते तशी.

गॅरेजात एकही इंजिन चालू नव्हतं.

त्याने कोपऱ्यातल्या त्या चेपलेल्या गाडीकडे पाहिलं. बॅटरी काढलेली. वायर अजून सुटलेली. आणि मीटरच्या काचेआड...

लाल दिवा.

लुकलुकत नव्हता. सलग पेटलेला.

बरोबर दोन मिनिटं. मग शिट्टी थांबली, दिवा विझला. मामाने बल्बच काढून फेकला. दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजले आणि... बल्बच्या रिकाम्या जागेत तोच लाल उजेड.

"भीती नव्हती रे वाटत," मामा मला म्हणाला. "लाज वाटायची. तिच्यासमोर डबा उघडायची लाज."

नऊ दिवस त्याने दुपारचं जेवण केलं नाही. दहाव्या दिवशी तो तिच्या घरी गेला. दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं.

"वायर मी काढली होती. तिची काहीच चूक नव्हती."

मामाला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

नवरा मटकन खाली बसला.

"रोज साडेबाराला ती इथे, दारात येते," तो म्हणाला. "म्हणते, 'अहो, मी थांबले होते दोन मिनिटं.' आणि मी रोज तिला सांगतो... खोटं बोलू नकोस."

त्यानंतर त्या घरी ती परत आली नाही म्हणे. चेपलेली गाडीही भंगारात गेली.

परवा दुपारी साडेबाराच्या सुमारास मी मामाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसलो होतो. गॅरेजपाशी पोचल्यावर त्याने दोन मिनिटं गाडी चालू ठेवली. मग बंद केली, किल्ली काढून खिशात टाकली. आणि...

मीटरवरचा लाल दिवा मलाही दिसला.

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. दिवा विझेपर्यंत आम्ही दोघं खाली मान घालून बसून राहिलो.