पहिली धार

"माझ्याच घरात माझ्याच नळाची परीक्षा," मालनबाई पुटपुटल्या. ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेला, वृंदाला, ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

नगरपालिकेने तांबट आळीत घरोघरी एकेक डबी वाटली होती. सरकारी नाव धातुनादमापक. आळीने पहिल्याच दिवशी तिचं 'टिचकी' करून टाकलं. डबी नळाला जळवेसारखी चिकटायची, भिंतीतल्या नळीला बारीक ठोका द्यायची आणि परत आलेल्या नादावरून नळी कशाची ते सांगायची. लोखंड खणखणतं, प्लॅस्टिक बदबदतं, शिसं मात्र आवाज गिळून बसतं.

मालनबाईंच्या घरी तिने घोळच घातला. अंगणात हिरवा दिवा, मोरीत हिरवा, स्वयंपाकघरात लाल. एकाच घरातलं एकच पाणी इथे सोवळं आणि तिथे ओवळं कसं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांचे यजमान दत्तोबा म्हणाले, डबीच बिघडलीय. मुलगा गिरीधर शेजारची डबी मागून घेऊन आला. तीही ओट्यापाशी लालच झाली, आणि शेजारी आपली डबी परत न्यायला आले ते तोंड पाडूनच. त्यांच्याकडेही तेच होतं.

शेवटी वृंदाने ओट्यामागचा गिलावा थोडा खरवडला. आत राखाडी, बुळबुळीत दिसणारी नळी. लोहचुंबक लावला, चिकटेना. दत्तोबांनी कानशीने ओरखडा काढला, तर खालून चांदीसारखं चकाकलं. मग त्यांनी सवयीने नखाची टिचकी मारली. नळीतून नाद काही आला नाही. अंगणातली आणि मोरीतली नळी मागे कधीतरी बदलली होती. नवा ओटा फोडायला नको म्हणून ही तेवढी राहिली होती. पिढ्यान्‌पिढ्या भांड्याला टिचकी मारून धातू ओळखणारं घराणं. भिंतीतल्या नळीला कुणी कधी टिचकी मारली नव्हती.

"पण मी तर तांब्याच्या हंड्यात भरते," मालनबाई म्हणाल्या. "चिंचेने घासून. आणि तेही पहिल्या धारेचं."

ही घरातली रीत होती. सकाळी पाणी आलं की पहिली धार नातीची, रेवाची. कुणाचा हात न लागलेली. भांडी, धुणं सगळं त्यानंतर.

वृंदा खाली मान घालून डबीवरची सूचना वाचत होती. रात्रभर नळीत साचलेल्या पाण्यात शिसं उतरतं, तिने हळूच सांगितलं. पहिल्या धारेत सगळ्यात जास्त. तांब्याने ते जात नाही, उकळूनही नाही. आणि लहान मुलांच्या मेंदूला ते आधी बाधतं.

मालनबाईंना हंड्याकडे बघवेना आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना.

सूचनेखाली एक प्रश्न लुकलुकत होता : घरात सहा वर्षांखालील मूल आहे का? वृंदाने डबी नवऱ्याकडे दिली. गिरीधरने 'नंतर' दाबलं आणि ओटा फोडायला गवंडी कुठला बोलवायचा हा विषय काढला. दत्तोबा म्हणाले, आधी आळीची सभा घेऊ. प्रश्न पुन्हा लुकलुकला, डबी पुन्हा हातोहात फिरली. फिल्टरची चर्चा झाली, टँकरची झाली. उंबऱ्यावर पाच वर्षांची रेवा पाटीवर रेघोट्या ओढत बसली होती. पोट दुखतं म्हणून आज तिला बालवाडीत पाठवलं नव्हतं. गेल्या दिवाळीत ती पाटीवर स्वतःचं नाव लिहायची, आता नुसत्या रेघोट्या. त्यावर गिरीधर म्हणायचा, मोबाइलमुळे होतं. दत्तोबा म्हणायचे, लहानपणी मीही अभ्यासात मागेच होतो. आणि मालनबाई म्हणायच्या, आईचं लक्ष नाही.

डबी फिरत फिरत मालनबाईंच्या हातात आली. त्यांनी चष्मा लावला, प्रश्न पुन्हा वाचला आणि 'आहे' वर बोट दाबलं.

"वृंदा," त्या म्हणाल्या, "रेवाला येत होतं ते येईनासं झालंय. तुझं लक्ष होतं गं, पाणी माझं होतं. तिचं रक्त तपासायला कुठे न्यायचं, सांगते का ही डबी?"