शोकसभेचं आमंत्रण

काल दुपारी मी उर्वीचा डबा द्यायला कॉलेजात गेले. सुरुवात डब्यापासूनच करते, कारण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मेथीची भाजी होती आणि ती गार होत होती, एवढीच काय ती चिंता.

उर्वी माझ्या भावाची मुलगी. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून ती माझ्याकडे वाढली. मला दुसरं कुणी नाही, तिलाही नाही. देवासच्या ज्या कॉलेजात मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, तिथेच ती आता इतिहास शिकवते. शाळा सगळी हिंदीतून झालेली, त्यामुळे मराठी बोलते ठीक, वाचताना मात्र ठेचकाळते. रीतभात मी शिकवली. आलेल्याला पाणी द्यावं, निघालेल्याला ‘पुन्हा या’ म्हणावं, आणि मोठ्यांनी घरी बोलावलं तर तोंडावर नाही म्हणू नये. पोरगी गुणी. सांगितलेलं एक अक्षर विसरत नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. आमच्या माजी विद्यार्थी संघाची दर हिवाळ्यात शोकसभा होते. वर्षभरात गेलेल्यांचे फोटो बाकावर मांडतात. फोटो पदवीच्या वर्षाचे असतात, ही जुनी पद्धत. म्हातारपण घरच्यांनी पाहिलेलं असतं, आम्हाला आमचे सोबती कॉलेजातले आठवतात. फुलं वाहायची, क्षणभर उभं राहायचं आणि मुकाट्यानं घरी जायचं. निघताना कुणी ‘येतो’ म्हणायचं नाही आणि कुणी कुणाला ‘या’ म्हणायचं नाही. मर्तिकाच्या घरी पाळतात, तेच. हे कुणाला शिकवावं लागतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

यंदा माझा घसा बसला होता म्हणून माईक उर्वीच्या हातात दिला. बाकावर दोन फोटो होते. धारचे जयसिंगराव आणि हाटपिपल्याची राजाबाई. राजाबाई माझ्याच वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण; भेटायला मात्र दरवेळी मीच एकटी तिच्याकडे जायची. उर्वीनं दोघांना पाहिलं ते तेवढंच, फोटोत, विशीतले. सगळ्यात शेवटी तिनं फूल वाहिलं आणि तशीच फोटोंकडे तोंड करून, हात जोडून, छान हसून म्हणाली, “आपण आलात, खूप बरं वाटलं. घर आपलंच आहे. पुन्हा या.”

पहिल्या रांगेतले मानाजीकाका, संघाचे सगळ्यात जुने सभासद, काठी टेकत उठले. “पोरी... असं म्हणू नये गं,” एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले. मी घरी येऊन उर्वीला चांगलं झापलं. “सॉरी ना आत्या, मुँह से निकल गया,” ती म्हणाली. मग आम्ही दोघी हसलोही. खरंच हसलो.

तर काल. फाटकावर उमाशंकर चौकीदार ऊन खात बसला होता. कॉलेजला सुट्टी होती, पण उर्वी कॉलेजचा इतिहास लिहितेय, म्हणून सभा झाली त्याच जुन्या हॉलमध्ये जाऊन बसते. “दीदी अंदर हे,” तो म्हणाला. “सुबे से अकेली बेठी हे. कोई नी आया.”

हॉलच्या पायरीवरच मला वास आला. शिळ्या झेंडूचा, आणि त्याच्याखाली कापराचा. वाटलं, सभेचे हार कुणी उचललेच नसतील. या लोकांना कामं सांगून उपयोग नसतो.

आत उर्वी एकटी टेबलाशी होती. समोर दोन खुर्च्या, सरकवलेल्या, माणसं नुकतीच उठून गेल्यासारख्या. दोन कप चहाने काठोकाठ भरलेले आणि वर सायीचा जाड पापुद्रा.

“आत्या! जरा आधी यायचं ना!” तिचे डोळे नुसते चमकत होते. “आपले ओल्ड स्टुडंट्स आले होते. एक काका, एक काकू. काय काय सांगितलं म्हणून सांगू! एकदम खजाना!”

“कोण गं?”

“नावं विचारली तर काका हसले. म्हणाले, तूच तर बोलावलंस.”

मी डबा टेबलावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज मला उगाच मोठा वाटला.

“कुठून आले?”

“त्या दाराने.” तिनं कोपऱ्याकडे बोट केलं.

या हॉलला दोन दारं आहेत. देवासात संस्थानी काळात मोठी पाती आणि छोटी पाती अशी दोन राज्यं होती. एका गावात दोन राजे म्हटल्यावर त्यांची पोरं एका दारानं कशी येतील? राज्यं गेली तेव्हा कोपऱ्यातलं छोट्या पातीचं दार खिळे ठोकून बंद झालं. मी शिकले, शिकवलं, निवृत्त झाले, ते दार उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. त्याच्यापुढे मोडक्या बाकांचा ढीग आहे. काल तो ढीग जागच्या जागी होता. त्याच्यावरची धूळसुद्धा.

“काकांना सर्दी होती वाटतं,” उर्वी डबा उघडत म्हणाली. “आवाज बसलेला. नाकात कापूस घातला होता.”

मी खुर्चीची पाठ धरली. धारला मी स्वतः गेले होते. जयसिंगरावांना अंगणात ठेवलं होतं तेव्हा त्यांच्या नाकातला कापूस मी पाहिला होता.

“आणि... काकू?”

“काकू स्वीट होत्या गं. हिरवीगार साडी, हातभर हिरवा चुडा. पण कुंकू किती! पूर्ण कपाळ भरलेलं. मी विचारलं, काकू, लग्नाला निघालात का? तर नुसत्या बघत राहिल्या.”

राजाबाई सवाष्ण गेली. ती हिरवी साडी तिला मी नेसवली होती. तिचा मळवट मी भरला होता, या हातांनी. चितेवर चढवेपर्यंत मी तिच्यापाशी होते. ओरडावं की पोरीला ओढत बाहेर न्यावं, काही सुचेना. तिला सांगायचं तरी काय? ती तर घास घेत होती, आणि तिला भाजी आवडली होती.

“म्हणाले, आमच्याकडे सगळे जुने आहेत,” ती खाता खाता सांगत होती. “पहिल्या बॅचचेसुद्धा. रोज जमतात. ज्याला जे विचारायचं ते विचार, तुझा इतिहास पुरा होईल. फक्त लिहून घेणारं तरुण कुणी नाही म्हणे तिकडे. काकूंनी माझा हात धरला होता. थंडीच्या दिवसांत बाहेरून आल्या ना, हात एकदम बर्फ.”

तिच्या मनगटावर कुंकवाची बोटं उमटली होती. मी पदराला थुंकी लावून ती पुसायला लागले. पुसली जाईनात.

“आणि निघताना...?” मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. तरी देवाला हात जोडत होते की नसेल, नसेल तसं.

“निघताना काय? म्हणाले, आम्ही तुझ्याकडे आलो, आता तू ये आमच्याकडे.”

“तू काय म्हणालीस?”

“येते म्हटलं.” तिनं माझ्याकडे नवल करून पाहिलं. “नाही कसं म्हणणार? तूच शिकवलंस ना!”

कापराचा वास वाढला होता. माझ्या पाठीमागे बाकांचा ढीग होता, त्याच्यामागे ते दार. मी वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. उर्वीला पाठीशी घालायचं तर वळायला हवं होतं; ते जमेना, म्हणून मी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि तिच्या केसांकडे बघत, घोगऱ्या आवाजात, जमेल तेवढं मोठ्यानं म्हणाले, “पोर अजाण आहे. तिला कळलं नाही काय बोलली ते. ती येणार नाही. तिच्याऐवजी मी येते.”

हॉलमध्ये काही हललं नाही. मला वाटलं, झालं. माझं मेलीचं काय, मी जायचीच होते. पोर सुटली.

उर्वीनं माझ्या हातांतून डोकं सोडवलं. ती माझ्या आडून वाकून मागे बघत होती. पाहुण्यांपुढे आत्यानं वेड्यासारखं काहीतरी केल्यावर माणूस ओशाळतं, तशी ती ओशाळली. मग नीट हात जोडून हसली.

“हो काकू,” ती म्हणाली. “मग दोघी येऊ.”