बस आणि बस ना

धांदलने पहिल्याच भेटीत त्या अनोळखी माणसाची बाही तोंडात धरली. वर पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर, चिखलासकट.

पट्टा धरलेल्या तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठच दिवसांपूर्वी दत्तक घेतलेलं कुत्रं, अंगात नुसतं वारं. ती पट्टा ओढत "सॉरी, सॉरी" करत राहिली. आणि त्या माणसाने काय करावं? हात सैल सोडला, बाही सुटताच हाताची घडी घातली आणि चक्क पाठ फिरवून उभा राहिला.

"रागावलात का? बोला तरी..."

"त्याच्याकडे बघू नका," तो पाठमोराच म्हणाला. "आरडाओरडा केला की त्याला खेळ वाटतो. चारही पाय जमिनीवर आले की सांगा."

"...आले."

मग तो वळला, वाकून धांदलचा गळा खाजवला आणि तिच्याकडे बघून हसला. कुत्र्यांना शिकवणं हा त्याचा व्यवसायच निघाला. तिने तिथल्या तिथे शिकवणीसाठी शनिवार ठरवून टाकला.

गरज होतीच. ती घरी सोफ्यांची कव्हरं शिवायची. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली आई काठी घेऊन चालायची, आणि धांदलला काठी दिसली की उधाण यायचं. आईने बजावलं होतं, "सहा शनिवार देते. उड्या थांबल्या नाहीत तर हा परत जाईल."

मास्तरने (ती मनात त्याला मास्तरच म्हणायची) पहिल्याच दिवशी तिची एक खोड पकडली. धांदल हात चावायला लागला की ती म्हणायची "बस, बस". आणि त्याला खाली बसवायचं असलं तरीही "बस".

"त्याने बिचाऱ्याने समजायचं काय?" मास्तर म्हणाला. "आजपासून 'बस' फक्त त्याचा. थांबवायचं तर 'पुरे' म्हणा. आणि काही दिवस पाहुण्यांनाही 'बसा' नको."

झालं. तिने नियम इतका इमानेइतबारे पाळला की मास्तर दर शनिवारी उभाच. चहासुद्धा खिडकीला टेकून.

तरी शनिवार कसा संपायचा कळायचंच नाही... धांदलने उडी मारली की तो पाठ फिरवायचा, आणि पाठमोरा माणूस निवांत बघता येतो. मानेवरचा तीळ. कॉलरची उसवलेली शिवण — ती शिवण तिला आठवडाभर छळायची. सोमवारी मशीनवर बसलं की वाटायचं, अजून पाच दिवस.

मास्तरच्या सांगण्यावरून तिने उरलेल्या कापडाची जाड वेणी घातली. धांदलने हात तोंडात घेतला की हात काढून घ्यायचा आणि वेणी पुढे करायची. तो शिकत गेला, तसतशी ती उरलेले शनिवार मोजू लागली. पाचव्या शनिवारी त्याने एकही उडी मारली नाही, तेव्हा तर तिला रागच आला.

"एखादी तरी मार की रे," ती त्याच्या कानात कुजबुजली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. शाबास म्हटलं."

सहाव्या शनिवारी आई काठी टेकत बाहेर आली. धांदलचे पुढचे पाय उचलले... हवेत थरथरले... आणि खाली आले. तो शेपटी हलवत उभा राहिला.

"राहू दे बाई याला," आई म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली.

मास्तरने पिशवी खांद्याला अडकवली. "माझं काम संपलं आता. तसा नंबर आहेच तुमच्याकडे..."

"आहे."

तो दाराकडे निघाला. पुन्हा तीच पाठ, तोच तीळ. तिने आठवडाभर एक अख्खं वाक्य घोकून ठेवलं होतं. ऐनवेळी त्यातलं एवढंच उरलं.

"बस ना..."

धांदल पटकन बसला. मास्तर वळला.

"त्याला म्हणालात की मला?"

"त्याला मी 'ना' लावत नाही."

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली. मग हळूच म्हणाला, "नियम मोडलात."

"मोडला. तू दर शनिवारी यावंस असं वाटतं मला. कुत्र्यासाठी नाही."

"आणि मी सहा शनिवार वाट बघतोय, कधी बस म्हणशील म्हणून. तो शब्द राखून ठेवायला सांगणारा शहाणा मीच."

तिने खुर्चीवरचा कापडांचा ढीग उचलला. तो बसला.

धांदलला बसल्याबद्दल खाऊ द्यायचं मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. तो शहाण्यासारखा बसून वाट बघत राहिला.