हुमूदने विझवलेला विस्तव

रात्रीची इशाची नमाज आटोपून खजुराच्या बागेत पोरं शेकत बसली होती. अल-उलाची थंडी, त्यात वारा. कहव्याची किटली दोनदा फिरली, तसा म्हातारा अबू मतर घसा खाकरून म्हणाला, "आपल्या लोकांच्या पाहुणचाराला जगात तोड नाही, पोरांनो."

"झालं सुरू," राकान म्हणाला. हा पर्यटकांच्या जीपा हाकतो, जिभेला हाड नाही. "काका, पाहुणचार तुम्ही सांगायचा आणि भांडी आम्ही घासायची."

पोरं हसली. अबू मतर हसला नाही. विस्तवात काडी खुपसत राहिला.

"मग हुमूदचं ऐक. त्याच्या ताटात जेवलोय मी. यात एक शब्दही पदरचा नाही."

गेल्या जानेवारीतला गुरुवार. पौर्णिमा होऊन तीन रात्री झालेल्या, म्हणजे चंद्र उशिरा उगवणार. सूर्यास्ताच्या मगरीब नमाजनंतर हुमूद गाडीत बाभळीचं सरपण भरून आपल्या तंबूंकडे निघाला. गावापलीकडे, वाऱ्याने कुरतडलेल्या खडकांच्या आडोशाला त्याने पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. त्या रात्री रियाधहून तीन साहेब जेवायला येणार होते. ती जागा हुमूदकडे ठेवायची की काढून घ्यायची, हे तेच ठरवणार होते. दोन मुलांचे संसार त्या तंबूंवर चालत होते.

हा हुमूद कसा? तर बैठकीत लोडाला टेकला की एकच पालुपद. "माझ्या आजोबाच्या आजोबापासून आमचा विस्तव टेकडीवर जळतो. वाटसरूला दुरून दिसावा म्हणून." गावातल्या पोरांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्याने तोंड उघडलं की ती पुढचं वाक्य म्हणत. कुणी शहरात नोकरीला निघालं की हा सुनवायचा, "तुमच्या पिढीला विस्तवाची किंमत नाही." म्हाताऱ्यांना असलं बोलायला काय लागतं? लाकडं फोडायला दुसरेच असतात.

तर त्याने विस्तव पेटवला. पातेल्यात बकरीचं कोवळं मटण रटरटत होतं. गालिचे झाडून झाले. साहेबांचा फोन आला, "थडगी दिवसाच बघून झाली, आता निघालोय, पोचतोच."

हुमूदने सहज मान वर केली.

हिज्रच्या, म्हणजे त्या थडग्यांच्या बाजूने कुणीतरी चालत येत होतं.

आता तिकडून कोण येणार? डोंगरात कोरलेली ती थडगी सूर्य मावळला की बंद होतात. पहारे असतात. आणि आपले बापजादे तर, शापित जागा म्हणून, दिवसासुद्धा तिथे रेंगाळत नसत. पण येत होतं खरं. उंच. सावकाश. विस्तवाकडे तोंड करून.

उजेडाच्या कडेला आल्यावर दिसलं. म्हातारा. अंगावर चिंध्या. पायात काही नाही.

हुमूदच्या पोटात भीती नव्हती तेव्हा. हिशेब होता. हा विस्तवापाशी पोचला की पाहुणा झाला. पहिला पेला त्याचा. वरची बैठक त्याची. तीन दिवस नावगाव विचारायचं नाही. साहेबांच्या डोक्यावर ह्या भिकाऱ्याला बसवायचं? आणि हाकलायचा तरी कसा, विस्तव तर त्याला दिसलाच होता...

हुमूदने दोन्ही हातांनी वाळू ओढली.

विस्तवावर टाकली. आणखी टाकली. पायाने दाबली. दिवा फुंकला. तंबूच्या मागे जाऊन पालथा पडला. साठ वर्षांचा माणूस. पालथा. चोरासारखा.

"आँ?" राकान म्हणाला. "विस्तव विझवला? पाहुणा बघून?"

कुणी हसलं नाही. आमच्याकडे बापावरून शिवी दिलेली माणूस एक वेळ गिळतो. पण 'तुझ्या बापाने पाहुणा बघून विस्तव विझवला' म्हटलं तर सुरे निघतात.

"पुढे ऐक," अबू मतर म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

पावलं आली. वाळूत. अगदी तंबूपर्यंत.

थांबली.

"अस्सलामु अलैकुम."

हुमूद गप्प. सलामाला उत्तर द्यायचं नाही, हे त्याला जमलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"घरात कुणी आहे?"

गप्प.

पातेलं अजून गदगदत होतं. वाळूवर. विस्तव नसताना. वास सगळीकडे...

"लांबून पाहिला तुझा उजेड," आवाज म्हणाला. रागावलेला नव्हता. तेच वाईट. "फार लांबून..."

मग काही नाही.

पावलं परत गेल्याचा आवाज आलाच नाही.

गाड्यांचे दिवे पडले तेव्हा हुमूद उठला. दाढीत वाळू. साहेब उतरले. "अहो हुमूद, अंधार कसला हा?"

"वारा... वाऱ्याने विझला."

"तरीच," त्यांच्यातला एक म्हणाला. "वाटेत एक म्हातारा भेटला. अनवाणी. आम्ही म्हटलं, बसा गाडीत, पुढे हुमूदचा विस्तव आहे, कहवा मिळेल. तर म्हणतो, तिथे कुणी राहत नाही. म्हटलं, अहो आहे की, मोठं घराणं आहे. तर पुन्हा तेच. तिथे कुणी राहत नाही. दार उघडून त्याला आत घ्यायला वळलो तर वाटेवर कुणीच नाही."



हुमूदने मटण वाढलं. सगळे जेवले, वाहवा केली. जागा त्याच्याकडेच राहिली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" राकानने विचारलं. आता टवाळी नव्हती.

"त्यानेच. सांगताना मान वर केली नाही. मी म्हटलं, हुमूद, बैठकीला येत जा. तर म्हणाला, कोणत्या तोंडाने येऊ?"

"भास झाला असेल त्याला."

"असेल." अबू मतरने काडी टाकून दिली. "गेल्या आठवड्यात मी त्याच्या गावातल्या घरी गेलो. सिमेंटचं घर, खिडक्यांना काचा, वाळूचा कण आत यायचा नाही. बैठकीत पाहुण्याची वरची जागा असते ना, तिथे बसायला गेलो. तर हुमूदच्या बायकोने दारातूनच अडवलं. म्हणाली, भाऊजी, तिथे नको. मी रोज सकाळी झाडते."

"काय झाडते?"

"गादीला खोलगट खड्डा पडलेला. माणूस रात्रभर बसून उठावा तसा. आणि त्यात लाल वाळू. मी हात लावला, राकान..."

त्याने विस्तवाकडे धरलेला हात मागे घेतला.

"गरम होती."