मुक्या दृश्यातलं वाक्य

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर ती वेळ आली, त्याला आजही कुणी विचारलं तर तो मान खाली घालतो, पण नाही म्हणत नाही.

रविवारची दुपार होती. जागा, बस आगारामागचं जुनं थिएटर.

फिल्म क्लबात त्याला सगळे पंडित म्हणत. तसा तो बुजरा. पण सिनेमाचा विषय निघाला की त्याची जीभ मोकळी होई. त्या दुपारी एक नावाजलेला मनोवैज्ञानिक थरारपट दाखवायचा होता आणि नंतर पंडितने त्यावर बोलायचं होतं.

पंडितने तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता.

तोंडपाठ मात्र होता. त्याचा मामा याच थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर होता. लहान मुलांना त्या सिनेमाला सोडत नसत, म्हणून मामाने तो भाच्याला घरीच सांगितला होता. पुन्हा पुन्हा, हातवारे करून.

मामा नुकताच गेला होता.

"पहिल्यांदा कधी पाहिलात, पंडित?" दारातच क्लबच्या चिटणीसबाईंनी विचारलं.

"लहानपणी. मामाच्या केबिनमधून."

"म्हणजे जाणकारी आजोळची!"

आपलं ज्ञान उसनं ठरेल, या धास्तीने तो घाईने म्हणाला, "छे हो! मामा कसला जाणकार? मशीनच्या खडखडाटात त्याला एक अक्षर ऐकू यायचं नाही. काचेतून नुसते ओठ हलताना दिसायचे. संवाद सगळे पदरचे!"

सगळे हसले.

तोही हसला.

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. थोरल्या भावाचं नाव लावून मानाने जगणारा धाकटा... आणि एके दिवशी त्याच्या दाराबाहेर येऊन थांबलेलं कुणीतरी. मामाने सांगितलं होतं, अगदी तसंच.

धाकट्याने दाराला कान लावला.

थिएटरातले सगळे आवाज विझले...

आणि पाठीमागून सुरू झालं.

खर्र... खर्र... खर्र...

जुन्या मशीनचा आवाज. त्याने वळून पाहिलं. केबिनचा झरोका विटा लावून केव्हाच बंद केला होता. सिनेमा आता छताला टांगलेल्या एका पेटीतून चालत होता.

पडद्यावरच्या दाराआडून कुणीतरी बोललं. घोगऱ्या, ओळखीच्या आवाजात.

"माझं नाव घे... मग जातो."

हे दृश्य सांगताना मामा म्हणायचा तेच वाक्य! शब्दन् शब्द तेच!

त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणीच दचकलं नव्हतं. म्हणजे वाक्य सिनेमातच होतं. मामाने बरोबर ऐकलं होतं... आणि आपण त्याला चारचौघांत हसलो. त्याचे कान तापले.

दिवे लागले. तो बोलायला उभा राहिला.

"हा सगळा सिनेमा एका वाक्यावर तोललेला आहे," तो म्हणाला. "माझं नाव घे, मग जातो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"पंडित," चिटणीसबाई हळूच म्हणाल्या, "तिथे वाक्यच नाही. ते दृश्य मुकं आहे. त्यासाठी तर हा सिनेमा नावाजला. मग हे वाक्य कुणाचं?"

मामाचं. शब्द ओठांपर्यंत आला...

"माझं," तो म्हणाला. "म्हणजे... बघताना सुचलं."

"वा! काय सुचलंय!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांखाली, फक्त त्याला ऐकू येईल अशी, ती खर्र चालूच होती.

सगळे गेल्यावर तो रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभा राहिला.

"मामा," तो पुटपुटला, "वाक्य तुझं होतं."

खर्र थांबली.

मग मानेपाशी, थट्टेच्या सुरात, मामा जसा बोले तसंच कुणीतरी बोललं...

"आता सांगून काय, भाचेबुवा? इथे कुणीच नाही."

त्यानंतर तो क्लबात गेलेला नाही. पुढच्या खेळाच्या निमंत्रणावर ते वाक्य छापलं आहे. खाली त्याचं नाव.

चिटणीसबाईंचा फोन येतो. आज खरं सांगायचंच, असं ठरवून तो उचलतो. सगळं सांगतो. मामाचं नाव घेतो.

पलीकडून खर्र ऐकू येते...

आणि तिच्यामागून चिटणीसबाई विचारत राहतात.

"पंडित? अहो, बोला ना. काहीच ऐकू येत नाहीये."